दम लवकर परत येतो, हाड उशिरा

गेल्या वर्षीच्या डिसेंबरचा पहिला आठवडा. पुण्यात पहाटेची थंडी चांगलीच जाणवू लागली होती. दवाखान्यात एक बाई आल्या आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, रविवारी आठ किलोमीटर पळाले. अजिबात दुखलं नाही. इतकं हलकं तर दुखापतीच्या आधीही वाटत नव्हतं. मग जानेवारीत मुंबईला पळू ना?’’

बाईंचे वय ४४. शाळेत शिकवतात, सहा वर्षांपासून धावतात. सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या उजव्या नडगीच्या हाडात ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ निघाले होते. हे पडून-आपटून मोडलेले हाड नव्हे; रोजच्या हादऱ्यांनी हाडाला गेलेली बारीक भेग. सहा आठवडे धावणे पूर्ण बंद आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून थोडे चालणे, थोडे पळणे असे आम्ही ठरवले होते. त्या आठवड्यात एका वेळी तीन किलोमीटरच्या पुढे जायचे नव्हते. बाई आठ पळून आल्या होत्या. मुंबई मॅरेथॉनमधल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीची नोंदणी त्यांनी आधीच केलेली होती आणि ती शर्यत सहा आठवड्यांवर आली होती.

थंडी सुरू झाली की असे धावपटू दरवर्षी भेटतात. आपल्याकडे शर्यतींचा मोसम हाच. पावसाळ्यात सराव, त्यात दुखापत, दिवाळीपर्यंत विश्रांती आणि मग थंडीत रस्त्यावर परत, असा क्रम ठरलेला असतो. अडचण अशी, की शरीराचे सगळे भाग एकाच वेळी परत येत नाहीत. थंड हवेत नेमकी हीच गोष्ट लक्षात येत नाही.

थंडीत हलके का वाटते?

धावताना शरीरात भरपूर उष्णता तयार होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती बाहेर टाकण्यासाठी हृदयाला बरेचसे रक्त त्वचेकडे पाठवावे लागते आणि स्नायूंसाठीही काम करावे लागते. थंडीत त्वचेकडचा हा खर्च कमी होतो. त्याच वेगाला नाडी कमी पडते, घाम कमी येतो, दम लागत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या चांगल्या वेळा साधारण दहा अंशांच्या आसपासच्या हवेत येतात, त्याचे एक कारण हेच.

दुसरे कारण दमाचे. अमेरिकेतील संशोधक एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सात कसलेल्या खेळाडूंनी ८४ दिवस सराव थांबवला. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांनंतर १६ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावली. म्हणजे वर्षानुवर्षे कमावलेला दम काही आठवड्यांत मातीमोल होत नाही. सायकल किंवा पोहणे चालू ठेवले, तर तो आणखी टिकतो. आमच्या बाई रोज चाळीस मिनिटे व्यायामाची सायकल चालवत होत्या. त्यांचे हृदय-फुप्फुस जवळजवळ तयार होते. हाड मात्र नव्हते.

स्लॅब ओतल्यावर लगेच टेकू काढत नाहीत

हाड ही जिवंत गोष्ट आहे. धावण्याच्या हादऱ्यांनी त्यात सूक्ष्म तडे पडतात आणि शरीर ते दुरुस्त करत राहते. या दुरुस्तीत आधी एका प्रकारच्या पेशी खराब झालेले हाड कुरतडून काढतात. हे काम दोन-तीन आठवड्यांत होते. मग दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड रचतात. ते भरून येऊन कडक व्हायला साधारण तीन महिने लागतात. मधल्या काळात ती जागा आजूबाजूच्या हाडापेक्षा कच्ची असते. पण दुखणे तर त्याआधीच थांबलेले असते. इथेच फसगत होते.

बाईंना मी घराच्या स्लॅबचे उदाहरण दिले. स्लॅब दुसऱ्या दिवशी हाताला टणक लागतो, म्हणून गवंडी टेकू काढत नाही. दिवस भरावे लागतात, पाणी मारावे लागते. हाडाचेही तसेच. एक किलोमीटर धावताना साधारण हजार पावले पडतात. प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो. स्नायूंची ओढ धरली, तर नडगीवर त्याहून बराच जास्त. २१ किलोमीटर म्हणजे वीस हजारांहून अधिक पावले. आठ किलोमीटर निभावले, म्हणून एकवीस निभतील, असे कच्चे हाड मानत नाही.

वाढ किती करावी?

आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा सल्ला धावपटूंमध्ये जुना आहे. २०२५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच वेळी मारलेली मोठी उडी जास्त महत्त्वाची ठरली. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात धावणाऱ्यांना अतिताणाच्या दुखापती जास्त झाल्या.

मी कागद घेतला आणि बाईंसमोर हिशेब मांडला. रविवारचे आठ किलोमीटर पचले असे धरले आणि सहाही आठवडे दर आठवड्याला दहा टक्के वाढवत गेले, तरी शर्यतीपर्यंत मजल जाते १४ किलोमीटरपर्यंत. तिथून २१ म्हणजे दीडपट उडी. तीही शर्यतीच्या दिवशी. त्या दिवशी आजूबाजूला हजारो लोक पळत असतात, ढोल वाजत असतात, आपला वेग नकळत वाढतो आणि पेडर रोडचा चढ आला की मागे हटायला मन तयार नसते. बाई गणित शिकवतात. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

दुखापतीनंतर परतण्याचा क्रम साधा असतो. आधी अर्धा तास भरभर चालून दुखू नये. मग एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, तेही दिवसाआड. पळण्याचा वेळ हळूहळू वाढवायचा. आधी अंतर वाढवायचे, वेग नंतर. आधी सपाट रस्ता, चढ-उतार नंतर. त्यातही उड्डाणपुलाचा उतार पायाला चढापेक्षा जास्त हादरे देतो. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच बाजूने पळू नये. सोबत पोटऱ्या, मांड्या आणि कंबरेच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी हवेत.

कोणते दुखणे चालते, कोणते नाही?

सगळ्या दुखण्यांना एकच नियम लावू नये. टाचेमागच्या जाड शिरेचे, म्हणजे अकिलिस टेंडनचे जुने दुखणे असेल, तर पूर्ण विश्रांतीने ते सहसा बरे होत नाही. तिला बेताने भार द्यावा लागतो. स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये पायरीच्या काठावर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम १२ आठवडे, रोज दोन वेळा करून घेतला आणि रुग्ण पुन्हा धावू लागले. अशा दुखण्यात व्यायामाच्या वेळी थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते शांत झाले, तर चालते.

हाडाच्या भेगेत मात्र ही सूट नाही. बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखणे, एका पायावर उडी मारल्यावर कळ येणे, रात्री झोपेत ठणकणे यांपैकी काहीही असले, तरी धावणे त्याच दिवशी थांबवावे. जांघेत खोलवर दुखत असेल, तर अजिबात वेळ घालवू नये. मांडीच्या हाडाच्या मानेतली भेग सरकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी भेग अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

पहाटेची काळजी

थंडीत स्नायू आखडलेले असतात आणि त्यांचा प्रतिसाद मंद असतो. घरातच दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करून बाहेर पडावे आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश जावे. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या रेषेमागे बराच वेळ उभे राहावे लागते आणि गरम केलेले अंग पुन्हा गार पडते. जुना टी-शर्ट वरून घालावा, जागच्या जागी पाय हलवत राहावे. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी विसरू नये.

हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत अडकून राहते आणि तिच्यासोबत धूर-धूळही. हवा खराब असेल, त्या दिवशी घरात व्यायाम केलेला बरा. धावल्यानंतर छातीत घरघर किंवा खोकल्याची उबळ येत असेल, तर दमा तपासून घ्यावा. अंधारात खड्डा आणि गतिरोधक दिसत नाहीत. बऱ्या होत आलेल्या पायाला एक चुकीचे पाऊलही महागात पडते.

अंधारात धावण्याचा आणखी एक तोटा आहे. पाचला निघून सव्वासहाला घरी परतणाऱ्याच्या अंगावर ऊन पडतच नाही. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे तशीही खूप. बाईंचे रक्त तपासले, तेव्हा ते कमीच निघाले होते. खाण्याची चौकशी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. श्रावणात दर रविवारी १५-१६ किलोमीटर धावून त्या सोमवारचा उपवास करत होत्या. लांब पळण्याने झालेली झीज भरून काढायच्या दिवशी शरीराला चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी मिळत होती. पाळीही दोन महिने चुकली होती; त्यांनी ती वयावर ढकलली होती. शरीराला खर्चापेक्षा कमी अन्न मिळाले, की ते जी कामे मागे टाकते त्यात पाळी येते आणि हाडाची दुरुस्तीही येते. उपवास करायला हरकत नाही. पण मग लांब पळणे दुसऱ्या दिवशी ठेवावे, आणि उपवासाच्या ताटात दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा असावेत.

‘‘सहा महिने वाट बघितली होती हो,’’ बाई निघताना म्हणाल्या. दारात थांबून त्यांनी विचारले, ‘‘म्हणजे नाहीच ना?’’ मी म्हटले, ‘‘या जानेवारीत नाही.’’

जानेवारीतल्या त्या रविवारी बाई मुंबईला गेल्या. गटातल्या मैत्रिणींसाठी सोललेल्या संत्र्यांचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. फेब्रुवारीच्या शेवटी त्या दहा किलोमीटर धावल्या, मधे मधे चालत. यंदा जुलैत पुन्हा नोंदणी झाली आहे. श्रावणातली लांब धाव या वेळी त्यांनी शनिवारी ठेवली होती. गेल्या आठवड्यात त्या तपासायला आल्या, तेव्हा नडगी दाबून पाहिली, एका पायावर उड्या मारायला लावल्या. कुठेच दुखले नाही. मागच्या महिन्याभरातले सर्वांत लांब अंतर मी विचारले. त्यांनी वही उघडून दाखवली. सतरा किलोमीटर, आणि त्याखाली पेन्सिलीने दहा टक्क्यांचा हिशेब.