बालकांतील गंभीर जंतुसंसर्ग आणि रक्ताची गुठळी

रक्ताची गुठळी म्हटली की वयस्कर किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळलेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो. खेळत्या मुलाच्या शिरेतही ती होऊ शकते, हे सहसा ध्यानी येत नाही. बालकांत हा प्रकार विरळा असला, तरी हाडाच्या तीव्र जंतुसंसर्गात तो प्राणावर बेतू शकतो. म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

या संसर्गास बहुधा 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा जीवाणू कारणीभूत असतो. त्वचेवरील गळू वा जखमेतून तो रक्तात शिरतो आणि वाढत्या हाडाच्या टोकाशी, पुष्कळदा गुडघ्याजवळ, ठाण मांडतो. गुठळी होण्याची तीन कारणे वैद्यकशास्त्र सांगते : रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तरास इजा होणे व रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. येथे तिन्ही एकत्र येतात. सुजेमुळे शीर दबते व दुखरा पाय हलत नाही. शेजारच्या हाडातील दाह शिरेपर्यंत पोहोचतो. शिवाय हा जीवाणू 'कोअ‍ॅग्युलेज' हे रक्तद्रव गोठविणारे द्रव्य स्वतःच तयार करतो. अशा जंतुयुक्त गुठळीचे कण सुटून फुफ्फुसांत गेले, की तेथेही पू होतो.

पालकांनी काय ओळखावे? ताप, पाय टेकता न येणे आणि वाढती सूज. खेळताना पडल्याचे निमित्त असले, की मुका मार समजून पाय चोळला जातो व मोलाचे दिवस निघून जातात. असा पाय चोळू नये. प्रतिजैविके सुरू असूनही ताप न उतरणे, संपूर्ण पाय सुजणे वा धाप लागणे, ही धोक्याची खूण होय.

डॉपलर सोनोग्राफीने शिरेतील गुठळी वेदनेविना दिसू शकते. उपचार मात्र दुहेरी व चिकाटीचे असतात : शिरेतून प्रतिजैविके देणे व आवश्यक तेथे शस्त्रक्रियेने पू काढणे, त्याच्या जोडीला हेपॅरिन व पुढे बहुधा काही महिने रक्त न गोठण्याची औषधे. रक्तस्रावाचा धोका असल्याने वरचेवर तपासणी करावी लागते.

रोजंदारी बुडवून आई-वडिलांना इतके दिवस मुलाजवळ थांबावे लागते. ताप उतरताच घरी जाण्याची घाई होते, ती बहुधा खर्चापायी. उपचार अर्धवट सुटले, तर संसर्ग पुन्हा उलटू शकतो. वेळेवर व पूर्ण झाले, तर बहुतेक मुले बरी होतात. आपली देणगी या उरलेल्या आठवड्यांसाठी मोलाची आहे.