मधुमेहजन्य जनन-मूत्र विकार, पुरुषांतील
मधुमेहामुळे पुरुषांच्या जननेंद्रियांत व मूत्रमार्गात उद्भवणारे विकार. रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण १०० मिलि.मध्ये सु. १८० मिग्रॅ.हून वाढल्यास ते मूत्रात उतरते. त्यामुळे अग्रत्वचेखालील ओलसर जागी कँडिडा कवक वाढून शिस्नमुंडशोथ (शिस्नाच्या टोकाची दाहयुक्त सूज) होतो. कधीकधी हेच मधुमेहाचे पहिले लक्षण असते. शोथ वारंवार झाल्यास अग्रत्वचा आकसून मागे सरकेनाशी होते. स्वायत्त तंत्रिकांना इजा झाल्यास मूत्राशय भरल्याची जाणीव मंदावते, मूत्र साचून राहते व जंतुसंसर्गास वाव मिळतो. तंत्रिका व रोहिण्या या दोहोंच्या विकृतीमुळे शिस्नोत्थानात बाधा येते. संकोचामुळे लक्षणे लपविल्यास निदान लांबते. तंत्रिकांची हानी सहसा पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून रक्तशर्करेचे नियंत्रण व तपासणी आरंभापासूनच आवश्यक ठरते.