लिनक्स आणि घरांतील जुना संगणक

इ. स. २०२५ च्या १४ ऑक्टोबर रोजीं विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें थांबविली. कांहीं वाढीव मुदतीची सोय तिनें ठेविली खरी. पण ती तात्पुरती. विंडोज ११ घालावी म्हटलें, तर तिला ठराविक पिढीचा प्रोसेसर आणि टी.पी.एम. २.० नांवाची सुरक्षेची योजना यंत्रांत असावी लागते, आणि इ. स. २०१७ च्या पूर्वींचीं बहुतेक यंत्रें या परीक्षेंत उतरत नाहींत. ज्या संगणकावर कालपर्यंत मुलांचा अभ्यास, आजोबांचा पत्रव्यवहार आणि वहिनींची भिशीची यादी बिनतक्रार चालत होती, तो एकहि भाग झिजला नसतां भंगारांत काढावयाचा, हें आम्हांस तरी पटत नाहीं. अशा घरांनीं लिनक्सचा विचार करावा, असें आम्ही सुचवितों; आणि तें केवळ पैसे वांचतात म्हणून नव्हे.

संगणकाचे निरनिराळे भाग आणि त्यांवर चालणारीं सॉफ्टवेअरें यांच्यामध्यें एक कारभारी असतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हा कारभारी कंपनीचा. त्याची मूळ आज्ञावली आपणांस पाहतां येत नाहीं, आणि कंपनीनें त्याच्यावरून लक्ष काढून घेतलें कीं आपला इलाज चालत नाहीं. लिनक्सची आज्ञावली मात्र सर्वांस खुली आहे.

या खुलेपणामागें एका छपाईयंत्राची कथा आहे, हें ऐकून पुष्कळांस मौज वाटेल. अमेरिकेंतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. कागद अडकला कीं सर्वांस सूचना मिळावी, अशी दुरुस्ती त्यांनीं तेथील जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत केली होती. पुढें नवें यंत्र आलें, त्यांतहि कागद अडकूं लागला. परंतु त्याची आज्ञावली मागितली, तेव्हां ती देण्यास साफ नकार मिळाला. हा नकार त्यांच्या मनास लागून राहिला. इ. स. १९८३ मध्यें त्यांनीं ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. पुढें इ. स. १९९१ मध्यें हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टॉर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें प्रणालीचा गाभा लिहिला, आणि दुसऱ्याच वर्षीं तो ग्नूच्या करारानें सर्वांस मोकळा करून दिला.

तो करार आमच्या वाचकांस परका वाटूं नये. प्रत घ्या, वाचा, सुधारा, दुसऱ्यास द्या. शर्त एवढीच कीं, पदरची भर घालून प्रत पुढें दिली, तर त्या भरीची आज्ञावलीहि द्यावयाची. आपल्याकडे पोथ्या अशाच घरोघर उतरवून घेतल्या जात. (उतरवून घेतलेली पोथी पेटींत कुलूपबंद करणारेहि महाभाग होतेच, त्यांना हा करार मानवला नसता.) इंग्रजींत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोहोंस एकच शब्द असल्यानें तिकडे घोटाळा होतो. मराठींत तो व्हावयाचें कारण नाहीं. लिनक्स बहुधा फुकट मिळतो हें खरें. पण त्याचें महत्त्व तो मुक्त आहे यांत आहे.

‘आमच्याकडे लिनक्स नाहीं’ असें म्हणणाऱ्या गृहस्थाच्या खिशांत तो बहुधा असतोच, कारण अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. जगांतील सर्वांत वेगवान ५०० संगणकांवरहि इ. स. २०१७ पासून तोच चालतो. फोनच्या बाबतींत मात्र गाभ्याभोंवतीं उत्पादकांनीं आपापलीं बंद कवचें चढविलीं असल्यानें तेथें ही मोकळीक फारशी हातीं लागत नाहीं. एफ-ड्रॉइड या भांडारांतून मुक्त अॅपें घ्यावीं, इतकें सहज करतां येतें.

संगणकावर प्रयोग करावयाचा तर लिनक्स मिंट हा प्रकार नवख्यांस सोयीचा. चार जी.बी. स्मरणशक्तीच्या यंत्रावर त्याची हलकी आवृत्ति चांगली चालते. ती पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच यंत्र चालू करून पाहतां येतें. आंतील कशासहि धक्का लागत नाहीं. पडदा, आवाज, वायफाय आणि छपाई चार दिवस तपासावी, सर्व फायलींची दुसरी प्रत काढावी, आणि मगच कायमची स्थापना करावी. ब्राउझर तोच असल्यानें घरांतील वडील मंडळींस बदल फारसा जाणवत नाहीं. देवनागरी लिहिण्यास इन्स्क्रिप्ट कळफलक आंतच असतो. मात्र ज्यांचें काम केवळ विंडोजवर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर किंवा डिजिटल सहीच्या साधनांवर अवलंबून आहे, त्यांनीं घाई करूं नये. एक विंडोजचें यंत्र जवळ ठेवावें.

आतां आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे घरचे कागद. कित्येक कुटुंबांनीं तीस वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें कुलवृत्तांत संगणकावर उतरविले. तेव्हांच्या पुष्कळ टंकांत पडद्यावर ‘क’ दिसे, पण फायलींत रोमन लिपीचें एखादें अक्षरच सांठविलेलें असे; आणि प्रत्येक टंककर्त्याची मांडणी निराळी. आमच्या परिचयाच्या एका घरीं अशी फाईल उघडतांच दहा पिढ्यांची वंशावळ रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन समोर आली. ज्या काकांनीं ती लिहिली होती, ते आतां नाहींत. युनिकोडमध्यें असें होत नाहीं. तेथें ‘क’ चा क्रमांक २३२५, आणि तो कोणत्याहि यंत्रावर तोच.

अशा फायली असतील तर मूळ टंक कोणता, हें प्रथम शोधावें, आणि त्याच टंकासाठीं केलेल्या परिवर्तकानें मजकूर युनिकोडमध्यें आणावा. मग तो लिब्रऑफिसमध्यें ओ.डी.टी. या स्वरूपांत ठेवावा. तें ज्या प्रमाणाचें स्वरूप आहे, तें इ. स. २००६ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक झालें असून कोणा एका कंपनीच्या मालकीचें नाहीं. छापण्यास मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक घ्यावा. तोहि खुल्या परवान्याचा आहे. परिवर्तनांत रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरें हमखास चुकतात. म्हणून एकानें जुनी छापील प्रत मोठ्यानें वाचावी व दुसऱ्यानें पडद्यावर ताडून पाहावें. नांवांच्या बाबतींत तर घरांतील सर्वांत वृद्ध माणसास शेजारीं बसवावें.