साखरेच्या पोत्यावरचा पत्ता

तुमचा वीस-पंचवीस माणसांचा बिस्किटांचा कारखाना आहे असं समजा. पगार वेळेवर होतो, कुणाला कोंडून ठेवलेलं नाही, कुणावर हात उगारला जात नाही. मग गुलामगिरीशी तुमचा काय संबंध? जरा गोदामात जा आणि साखरेचं पोतं नीट बघा. त्यावर साखर कारखान्याचं नाव आहे, हंगामाचं वर्ष आहे, मालाची प्रत आहे. आपला कच्चा माल नेमका कुठून आला हे शोधताना भल्याभल्या कंपन्यांची दमछाक होते आणि इथे तर पत्ताच छापून आलाय!

त्या पत्त्यावरून मागे मागे चालत जाऊ. कारखान्याआधी वाहतूकदार, त्याआधी मजूर गोळा करणारा मुकादम, त्याआधी टोळी आणि सगळ्यांच्या मागे उसाच्या फडात वाकलेले नवरा-बायको. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून ही माणसं दिवाळीच्या आगेमागे निघतात, फडाजवळ कोपी म्हणजे झोपडी घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर घरी परततात. हिशेबाच्या वहीत मात्र दोघं मिळून एकच: एक कोयता.

आता इथली खरी अजब गोष्ट बघा. ना बेडी, ना कुलूप. आहे ती फक्त उचल. हंगामाआधी घरात चणचण असते, तेव्हा मुकादम आगाऊ रक्कम देतो आणि ती तोडणीतून फेडायची असते. यात वावगं काय?

गणित मांडून पाहू. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये ठरला. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला तर झाले ७३२ रुपये. उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला, एकही दिवस न चुकवता, १३७ दिवस लागतील. आणि हंगाम १०० दिवसांतच आटोपला तर? फिटले ७३,२००, अंगावर राहिले २६,८००. रोजच्या जेवणाखाण्यासाठी घेतलेली खर्ची यात धरलेलीच नाही. हंगाम किती चालणार हे ठरवतं कोण? पाऊस, उभा ऊस, कारखान्याची गाळपक्षमता. कर्ज ज्याच्या डोक्यावर, त्याला सोडून सगळे!

त्यात ऊस थांबू देत नाही. तोडलेल्या उसाचं वजन आणि त्यातली साखर लगेच घटू लागते, म्हणून तो लवकरात लवकर गाळपाला जावा लागतो. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. आजारी पडून खाडा झाला तर अनेक टोळ्यांत त्याचेही पैसे कापले जातात. शेवटी उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते. रहाटाचं गाडगं वर येतं, रितं होतं आणि तसंच पुन्हा विहिरीत उतरतं, तसं हे वर्षामागून वर्ष फिरत राहतं.

मग उचल घेणारा प्रत्येक जण गुलाम का? नाही. ओळखायचं कसं, तर एकच प्रश्न विचारायचा: बाकी अंगावर असताना त्याला काम सोडून जाता येतं का? जाऊ दिलं नाही, धमकावलं, घरातलं माणूस अडकवून ठेवलं, की ती वेठबिगारी झाली.

आणि वेठबिगारीबद्दल आपला कायदा काय म्हणतो ते ऐकून थक्क व्हायला होतं. बहुतेक मूलभूत हक्क मुख्यतः सरकारला बांधून ठेवतात. पण वेठबिगारीला मनाई करणारं राज्यघटनेचं २३ वं कलम सरकारला, मुकादमाला आणि तुमच्या-माझ्यासारख्या कुणालाही लागू होतं. १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा तर सावकाराची वहीच कोरी करतो: वेठबिगारीचं कर्ज फेडायचंच नाही! कर्ज तसं नव्हतं हे सिद्ध करायचं तेही देणाऱ्यानं, घेणाऱ्यानं नव्हे.

१९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांचा खटला होता. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात सांगितलं की सक्ती फक्त दंडुक्याची नसते, भुकेचीही असते. दुसरा पर्याय नाही म्हणून माणूस किमान वेतनाहून कमी पैशात राबत असेल, तर तेही सक्तीचं श्रम. केवढी मोठी झेप आहे ही!

यात वीस माणसांचा कारखाना काय करणार? पुष्कळ. सुरुवात घरातून. तुमच्याकडे पॅकिंगला ठेकेदाराची माणसं येतात ना? त्यांची आधार कार्डं, एटीएम कार्डं कुणी ठेवून घेतलीत का? पैसे थेट त्यांच्या खात्यात जातात का? तुम्ही दिलेल्या आगाऊ रकमेची नोंद कामगाराच्या हातात आहे का?

मग पोत्यावरच्या पत्त्यावर पत्र लिहा. उचलीचा हिशेब लेखी असतो का? खाड्याचा दंड बंद आहे का? बाईच्या मजुरीचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातात का? फडावर पाणी, संडास, दवाखान्याची सोय आहे का? बाकी असताना घरी जायचं म्हटलं तर जाऊ देतात का? एकट्याच्या पत्राला कारखाना दाद देणार नाही असं वाटतं? मग त्याच कारखान्याची साखर घेणाऱ्या दहा जणांनी मिळून लिहा.

असे प्रश्न वरूनही येतात. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानं ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना गुलामगिरी रोखण्यासाठी काय केलं याबद्दल दरवर्षी निवेदन द्यावं लागतं. त्या आपल्या पुरवठादारांना विचारतात, ते त्यांच्या पुरवठादारांना. छोट्या उद्योगाकडे येणारी प्रश्नावली अशी उतरत आलेली असते.

काही गैर आढळलं तर लगेच खरेदी तोडून मोकळं होऊ नका. त्यानं हात आपले स्वच्छ दिसतात, कर्ज मात्र फडातल्या कोयत्याच्या अंगावर तसंच राहतं. सुधारणा लेखी मागा, मुदत द्या, मागे लागा. माणूस अडकवल्याचं कळलं तर मात्र थांबायचं नाही: जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, सुटका करण्याचे अधिकार त्यांना १९७६ च्या कायद्यानंच दिलेत.

ही गुलामगिरी आकड्यांवर उभी आहे, आणि आकडे वाचणं हे तर छोट्या उद्योजकाचं रोजचं काम. मुकादमाची वही तो कुणाहीपेक्षा लवकर वाचू शकतो. तिच्यात त्यानं एकच अट घालून घ्यायची आहे: पैशाची बाकी राहिली तर राहू दे, माणूस मात्र मोकळा राहिला पाहिजे.