मद्यपान आणि अन्ननलिका : लक्षणांपूर्वीची तपासणी

मद्यपानाच्या दुष्परिणामांचा विषय निघाला की यकृताचे नाव प्रथम घेतले जाते. ते योग्यच आहे. परंतु मद्य आधी मुख, घसा, अन्ननलिका व जठर या मार्गाने जाते, याचा विसर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली. मद्यार्काचे विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड हे घातक द्रव्य तयार होते. त्यात तंबाखूची भर पडल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि आपल्याकडे ही दोन्ही व्यसने बहुधा एकत्रच नांदतात.

अन्ननलिका लवचिक असल्याने गाठ बरीच वाढेपर्यंत घास अडकत नाही. ‘भाकरी उतरत नाही, पेज तेवढी जाते’ असे रुग्ण सांगू लागतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

या दृष्टीने जपानमधील कुरिहामा येथील रुग्णालयाचा अनुभव उद्बोधक आहे. मद्यासक्तांसाठी १९६३ पासून स्वतंत्र विभाग असलेल्या या रुग्णालयात, १९९० नंतरच्या दशकात, दाखल रुग्णांची कोणतीही तक्रार नसताना दुर्बिणीतून तपासणी होऊ लागली. अन्ननलिकेत आयोडीनचे द्रावण फवारले असता निरोगी अस्तर तपकिरी होते, रोगट भाग मात्र रंग घेत नाही. अशा तपासणीत शेकडा तीन ते चार रुग्णांत अन्ननलिकेचा कर्करोग आढळला. त्यांपैकी पुष्कळांचा रोग प्राथमिक अवस्थेत होता. अशा अवस्थेतील रोग छाती न उघडता दुर्बिणीतूनच काढता येतो.

ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणारे विकर जन्मतः दुबळे असलेल्या व्यक्ती जपानमध्ये पुष्कळ आहेत. भारतात बहुतेक ठिकाणी हे वैगुण्य विरळ. म्हणून तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पद्धत मात्र घेण्याजोगी वाटते. एरवी दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी काही आठवडे एका जागी असतो. तपासणीस याहून सोयीची वेळ कोणती?

आपल्याकडे तीस वर्षांवरील व्यक्तींच्या माहितीपत्रकात आशा कार्यकर्ती मद्यपानाविषयी विचारते, मुखाच्या कर्करोगाची तपासणीही होते. होकारार्थी उत्तर देणाऱ्यास पुढे जिल्हा रुग्णालयाकडे नेण्याचे काम ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना करता येईल. यकृताची सोनोग्राफीही त्याच खेपेस व्हावी, कारण रक्ततपासणी ठीक असतानाही यकृत आकसलेले असू शकते. रक्ताची उलटी अथवा डांबरासारखी काळी शौच झाल्यास मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. तपासणीसाठी म्हणून जुन्या मद्यासक्ताचे मद्य घरीच एकाएकी बंद करू नये. त्यामुळे झटके अथवा वातभ्रम होऊन जिवावर बेतू शकते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.