नंबर इथला, डेटा तिथला
परदेशात राहून इथलं काम : लेखांक ४

पेण आणि नागोठण्याच्या मधे, मुंबई-गोवा महामार्गाच्या पट्ट्यात कासू आहे. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. रायगडातून परदेशी जाणं नवं नाही. आखातात कामाला गेलेली माणसं या जिल्ह्यात गावोगाव सापडतात. त्यांना फोन लागायचा तो घरी बोलण्यापुरता. आता त्याच घरांतली पुढची पिढी वेगळ्या रीतीने निघाली आहे. नोकरी पुण्यातली किंवा ऐरोलीतली, राहणं जर्मनीत किंवा दुबईत, आणि ऑफिस म्हणजे सोबतचा लॅपटॉप. यांचा फोन बंद पडला तर घरचा आवाज तुटतोच, शिवाय त्या दिवसाचं कामही बुडतं.

मागच्या आठवड्यात व्हिसा आणि करनिवास पाहिला. आज मोबाईलचा प्लॅन. या विषयावर दुकानदाराला किंवा कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं की उत्तर मिळतं ते एकाच गोष्टीचं: कुठला रोमिंग पॅक घ्यायचा. पण महिन्याहून जास्त राहायचं असेल तर प्रश्न दोन असतात आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळी असतात. भारतातला नंबर जिवंत कसा ठेवायचा, हा एक. कामाचा डेटा कुठून घ्यायचा, हा दुसरा. दोन्ही कामं एकाच सिमवर टाकली की पैसे जास्त जातात आणि कामही नीट होत नाही.

समजा, कासूची एक मुलगी लग्नानंतर जर्मनीत निघाली आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम ती तिथून करणार आहे, कंपनीची परवानगी आहे. तिने सगळ्यात आधी स्वतःचा आठवडा मोजावा. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ मीटिंगला साधारण १.२ एमबीपीएस वर आणि तेवढाच वेग खाली लागतो. दोन्ही मिळून तासाला सुमारे १ जीबी. रोज तीन तास मीटिंग, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ६६ जीबी झाले. तीच मीटिंग कॅमेरा बंद ठेवून नुसत्या आवाजावर केली तर तासाला १०० एमबीसुद्धा लागत नाहीत. महिन्याचं काम सहा-सात जीबीत भागतं. हा दसपटीचा फरक कागदावर मांडल्याशिवाय कुठल्याही प्लॅनची जाहिरात वाचण्यात अर्थ नाही. त्यात कासूला आईशी रोजचा अर्धा तास व्हिडिओ कॉल धरा, फायली धरा, आणि लॅपटॉप गुपचूप ओढतो ते अपडेटही धरा.

आता हा आकडा रोमिंग पॅकशेजारी ठेवा. एअरटेलने २०२५ मध्ये ४,००० रुपयांचा वर्षभराचा एक प्लॅन आणला. परदेशात वर्षाला मिळून ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं बोलणं, शिवाय भारतात आल्यावर रोजचा १.५ जीबी. नंबर चालू ठेवायला, विमानतळावरून घरी पोचल्याचा निरोप द्यायला, एखाद्या अडचणीत नकाशा उघडायला तो उपयोगी आहे. पण ५ जीबी म्हणजे व्हिडिओ मीटिंगचे जेमतेम पाच तास. दोन दिवसांत वर्षाचा डेटा संपेल. दहा किंवा तीस दिवसांच्या पॅकचंही थोड्याफार फरकाने हेच गणित. माझं मत स्पष्ट आहे: लांबच्या मुक्कामाला रोमिंग पॅक हा पहिल्या आठवड्याचा आधार आहे, त्यावर नोकरी चालवू नये.

रोमिंगची दुसरी अडचण दरपत्रकात दिसत नाही. भारतीय सिमवर परदेशात इंटरनेट वापरलं की माहिती बहुधा आधी भारतात, तुमच्या मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत येते आणि मग जगात बाहेर पडते. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याला ६५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल तांबड्या समुद्रातून वळसा घेऊन जातात, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. मीटिंगचा सर्व्हर फ्रँकफर्टमध्ये असला तर शेजारच्या गल्लीत जायला मुंबईला जाऊन येण्यासारखं होतं. बोलताना दोघांचं एकदम सुरू होणं आणि एकदम थांबणं यातूनच येतं. प्रवासासाठी ऑनलाइन विकत मिळणाऱ्या बऱ्याच ई-सिमचंही असंच. त्यांची माहिती सिंगापूर किंवा हाँगकाँगसारख्या तिसऱ्याच ठिकाणाहून बाहेर पडू शकते. कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेला तुम्ही भलत्याच देशात दिसता आणि लॉगिन अडतं.

याच रचनेचा कधी फायदाही होतो. चीनमध्ये स्थानिक सिमवर गुगल आणि व्हॉट्सॲप चालत नाही, पण परदेशी सिमच्या रोमिंगवर बहुधा चालतं, कारण माहिती चीनबाहेर पडून मगच इंटरनेटला लागते. मात्र आपण कुठल्या देशात आहोत हे ऑफिसपासून लपवण्यासाठी कुणी रोमिंग किंवा व्हीपीएन वापरत असेल, तर मागच्या लेखातला करनिवासाचा भाग त्याने पुन्हा वाचावा. देश लेखी कळवा आणि उघडपणे काम करा.

म्हणून कामाचा डेटा तिथल्या सिमवर घ्यायचा. घरच्या ब्रॉडबँडची जोडणी मिळेपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात, आणि आपल्या मुलीची अडचण वेळेची आहे. पुण्यातली सकाळी दहाची मीटिंग जर्मनीत उन्हाळ्यात साडेसहाला आणि हिवाळ्यात पहाटे साडेपाचला येते. त्या वेळी ना वाचनालय उघडं, ना कॅफे. घरातला मोबाईलच ऑफिस चालवणार. स्थानिक प्लॅन घेताना तिने जीबीच्या आकड्याआधी हॉटस्पॉटची अट वाचावी, कारण काम लॅपटॉपवर आहे. अमेरिकेत ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनमध्ये फोनवरचा डेटा भरपूर असतो, पण हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा असते. मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, तेही पाहावं. आपल्याकडे रोजचा डेटा संपल्यावर ६४ केबीपीएस उरण्याची पद्धत परिचयाची आहे. त्या वेगाने तासाभरात २९ एमबीसुद्धा येत नाहीत. जर्मनीत स्वस्त दिसणारे करार पुष्कळदा २४ महिन्यांचे असतात. व्हिसा वर्षाचा असेल तर प्रीपेड घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्या दराने चालतं. पण चार महिन्यांच्या हिशेबात तुम्ही मुख्यतः बाहेरच राहिलात तर कंपनी जादा आकार लावू शकते. पोलंडचं स्वस्त सिम घेऊन बर्लिनमध्ये वर्ष काढण्याचा बेत त्यामुळे फसतो.

हँडसेटही तपासा. भारतातल्या स्वस्त फोनमध्ये अमेरिकेतल्या काही कंपन्यांच्या महत्त्वाच्या लहरपट्ट्या नसतात. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी बंद केलं आणि फोरजीवरून आपत्कालीन कॉल करू न शकणारे फोन तिथलं नेटवर्क स्वीकारत नाही. तुर्कस्तानात परदेशी फोन नोंदणीशिवाय स्थानिक सिमवर १२० दिवसच चालतो.

दुबईला निघालेल्यांसाठी एक वेगळा परिच्छेद हवाच, कारण रायगडातून तिकडे जाणारे पुष्कळ. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर निरोप जातात, पण व्हॉट्सॲप कॉल अडवलेले असतात. ऑफिसच्या टीम्स आणि झूमला परवानगी आहे, घरच्यांशी बोलायला बोटिमसारखी परवानाधारक ॲप लागतात. तेव्हा निघण्याआधी आईवडिलांच्या फोनवर ते ॲप टाकून, एकदा समोर बसून कॉल कसा घ्यायचा ते दाखवून जा. विमानात बसल्यावर हे शिकवता येत नाही.

आता भारतातला नंबर. याला डेटा नको. त्याने फक्त जिवंत राहायचं आणि ओटीपी आणून द्यायचा. बँक, आधार, भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकर, सगळं त्या एका नंबरला बांधलेलं असतं. गावच्या जमिनीचा डिजिटल सातबारा काढायचा तरी लॉगिनला ओटीपीच येतो. इथे दूरसंचार नियामक ट्रायचे दोन नियम कामाचे आहेत. २०१३ पासूनच्या नियमानुसार प्रीपेड नंबर न वापरल्याच्या कारणावरून ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण नंबर शाबूत असणं आणि त्यावर एसएमएस येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकची मुदत संपली की येणारे संदेशही थांबू शकतात. म्हणून दुसरा नियम जास्त मोलाचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे पॅक देणं बंधनकारक केलं. २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेलचे असे जवळपास वर्षभराचे पॅक १,७५० ते १,८५० रुपयांच्या आसपास मिळत होते. परदेशी जाणाऱ्याच्या भारतीय नंबरला इतकं पुरेसं आहे.

मात्र निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण सेवाच बंद असेल तर सिम तिथल्या नेटवर्कला धरतच नाही. फोनमध्ये त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि एका सिमचा डेटा गेला की आपोआप दुसऱ्यावर जाण्याचा पर्यायही बंद करा. मोठी बिलं याच पर्यायातून येतात. वाय-फाय कॉलिंग चालू ठेवा. घरातल्या वाय-फायवरून कासूला साध्या फोनसारखा कॉल लागू शकतो, फक्त दर आधी कंपनीकडून पक्का करून घ्या.

नंबर भावाच्या फोनमध्ये ठेवून ओटीपी विचारून घेण्याची पद्धत घराघरांत आहे. ती सोडा. एक तर तो कामावर असताना तुमचा व्यवहार अडतो. दुसरं, ओटीपी फोनवर सांगण्याची सवय घरच्यांना लावणं म्हणजे उद्या फसवणाऱ्यालाही तो सांगितला जाणं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲपसारख्या सेवा त्या नंबरचं सिम फोनमध्ये असतानाच चालाव्यात असे निर्देश दिले. सिम कासूत आणि व्हॉट्सॲप बर्लिनमध्ये, या घडीवर भरवसा ठेवू नये.

बँकेचं काय? नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलात तर साधं बचत खातं अनिवासी भारतीयांचं, म्हणजे एनआरओ, करावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी नंबरवर यूपीआयची वाट मोकळी केली. ही सोय मिळालेल्या पहिल्या दहा देशांत अमिरात, ओमान, कतार, ब्रिटन, अमेरिका होते, जर्मनी नव्हता. आपली बँक कुठल्या देशाचा नंबर स्वीकारते हे शाखेत विचारूनच कळेल. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांनी एसएमएस ओटीपीखेरीज इतर पर्यायांना वाव दिला आहे, तेव्हा बँकेच्या ॲपवरून मंजुरी देण्याची सोय असेल तर ती घेऊन ठेवा.

शेवटी तारखेची एक गोष्ट. स्थानिक सिमसाठी जागा हवी म्हणून बरेच जण भारतीय सिमचं ई-सिम करून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण सिम बदललं की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत; फसवणूक रोखण्यासाठीचा तो नियम आहे. शिवाय बदलानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येत नाही. त्यामुळे हे काम निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काढू नका. पंधरा दिवस आधी पेणला जा, ई-सिम करून घ्या, रोमिंग सुरू करा, आणि घरी परत आल्यावर बँकेचा, आधारचा आणि भविष्य निर्वाह निधीचा असे तीन ओटीपी त्या नंबरवर येतात का ते एकेकदा मागवून पाहा.