छपरावरची वीज बंद होत नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' आली आणि आपल्यासारख्या पगारदार माणसांच्या वस्त्यांतूनही गच्चीवर सोलर दिसू लागले. ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान, म्हणून पुष्कळांनी कर्ज काढून ते बसविले. बसविले त्या दिवशी फोटो निघाले, पेढे वाटले गेले. त्यानंतर वर जाऊन पाहतो कोण, असे आम्ही घरोघरी विचारतो. उत्तर बहुधा एकच मिळते : "पैसे दिले की एक पोरगा येऊन धुऊन जातो."

त्या पोराला आपण काय सांगून वर चढवतो, हा आमचा प्रश्न आहे.

घरातील दिवा बटण दाबले की विझतो. सोलर पॅनेलला असे बटण नाही. त्यावर उजेड पडतो आहे तोवर ते वीज तयार करीतच राहते. ३ किलोवॅटच्या संचात साधारण सहा पॅनेल असतात व ती एकापुढे एक जोडलेली असतात. एकाचा दाब चाळीस-पन्नास व्होल्ट, म्हणजे सहांचा मिळून अडीचशे ते तीनशे व्होल्ट झाला. खाली मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर बंद केला, तरी पॅनेलपासून डीसी स्विचपर्यंतच्या वायरीत हा दाब भर उन्हात कायम असतो. "खालून बंद केले आहे, जा बिनधास्त" असे म्हणणे म्हणजे त्या मुलाला फसविणेच होय.

शिवाय ही वीज डीसी आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येत नाही. म्हणून चालू संचात पॅनेलमागचे काळे प्लग ओढले, तर जाळ धरतो आणि तो धरूनच राहतो. हे प्लग घरच्या माणसाने कधीही उघडू नयेत. वायर उंदराने कुरतडलेली दिसली, काच तडकलेली दिसली किंवा प्लग वितळलेला दिसला, तर हात न लावता परवानाधारक वायरमनला बोलवावे. तोही आधी एसी बाजू, मग डीसी स्विच बंद करतो व इन्व्हर्टरवर लिहिलेली मिनिटे थांबतो, कारण आत वीज साठलेली असते.

मग घरच्यांनी करायचे तरी काय? पुष्कळ तपासणी जमिनीवर उभे राहूनच होते. आम्ही कारकून माणसे, आमचा विश्वास वहीवर. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरील युनिटचा आकडा वहीत लिहावा; हे काम शाळेतल्या मुलीकडे द्यावे, ती चोख करते. आपल्याकडे स्वच्छ उन्हात १ किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे ३ किलोवॅटला बाराच्या घरात. पावसाळ्यात आकडा घटणारच. पण ऊन लख्ख असताना तो काही दिवस सतत कमी येत असेल, तर वर धूळ आहे, सावली आहे किंवा बिघाड आहे. शेजाऱ्याची नवी पाण्याची टाकी किंवा वाढलेली शेवग्याची फांदीही कारण असू शकते. कबुतरांची घाण तर फारच वाईट. झाकलेला तेवढाच तुकडा तापतो आणि पुढे तिथे जळका डाग पडतो.

इन्व्हर्टरवर तांबडा दिवा लागला की बंद-चालू करून मोकळे होण्याची सवय सोडावी. पाऊस किंवा दव पडल्यावर सकाळी असा दिवा वारंवार लागत असेल, तर कुठेतरी वीज गळत असण्याचा संभव असतो. त्या दिवशी पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याला कोणी शिवू नये.

धुणे पहाटे किंवा ऊन उतरल्यावर करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते. मऊ फडके व साधे पाणी पुरे. साबणाचा थर बसतो, बोअरच्या क्षाराचे पांढरे डाग राहतात, तारेच्या घासणीने ओरखडे पडतात. पॅनेलवर पाय देऊ नये. आत न दिसणाऱ्या चिरा जातात. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळी टाकल्याशिवाय व दोर बांधल्याशिवाय कोणालाही चढवू नये. विजेपेक्षा तिथे पत्रा मोडून पडण्याचे भय अधिक. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे, आणि वादळी पावसाच्या आधी सांगाड्याचे बोल्ट आवळून घ्यावेत.

लाईन गेली की सोलरही बंद पडते, अशी तक्रार भगिनी करतात. बॅटरी नसलेल्या संचात ते मुद्दाम केलेले असते. आपली वीज उलटी लाईनमध्ये गेली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. त्यात काही जुगाड करू देऊ नये.

आग लागली तर पाणी मारीत बसू नये. दूर व्हावे आणि अग्निशमन दलाला फोनवरच सांगावे की छपरावर सोलर आहे.

या योजनेत पहिली पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी बसविणाऱ्याची आहे. तो फोन उचलत नसेल तर अर्ज लेखी द्यावा व पोच घेऊन ती त्याच वहीत चिकटवावी.